वाचक हसतो आहे

‘पान तीनशे बारा. मिनिट चौदा. वाचक हसतो आहे.’

मंगळवारी सकाळी दहाला पाच कमी असताना ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या दारावर डकवलेला कागद त्यानं वाचला, आणि आधी त्याला वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं तरी पाप आहे. लोकांची पापं दारावर वाचायची त्याला सवय होती. खरं म्हणजे आवडच होती. पिशवी खांद्यावरून न काढता, चष्मा कपाळावरून खाली ओढून, तो ती वरपासून खालपर्यंत चवीनं वाचायचा. कुणाचा श्वास ऐकू आला, कुणाचं पोट गुरगुरलं, कुणी ओळ गाळली, पूर्वी रेडिओवर बातम्या द्यायची त्या बातमीवालीनं पुन्हा एकदा मरणाचा प्रसंग हवामानाच्या अंदाजासारखा वाचला. वाचून झालं की तो नाकातून हलकी हवा सोडायचा आणि आत जायचा. आज हवा नाकातच अडकली. कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, वाचक क्रमांक चार. चार म्हणजे तो. पुस्तकाचं नाव, ‘काळ्या पंखांचा करार’. म्हणजे तोच, पळवाट नाही. खाली आणखी पाच ओळी होत्या. पान अठ्ठ्याऐंशी, हसू आवरत नाही. पान एकशे चाळीस, वाचक घाईत आहे, पुढे काय होतं ते त्यालाच हवं आहे. पान दोनशे तीन, हसतो आहे. पान दोनशे एकसष्ट, आवंढा. पान चारशे सात, आवंढा, मग हसतो आहे. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चौपन्न वर्षांच्या माणसाला भर रस्त्यात कुणी विजार ओढून खाली करावी तसं त्याला झालं, आणि सर्वांत वाईट म्हणजे आत घातलेलं जे दिसलं ते फुलाफुलांचं होतं.

ही संस्था ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. दोन खोल्या, मध्ये जाड काच, आतल्या खोलीच्या भिंतींना करडा स्पंज, छताला पंखा पण वाचताना बंद, म्हणून उन्हाळ्यात वाचक आत शिजायचे. नियम साधा होता: वाचकानं नटायचं नाही. ऐकणाऱ्याला पुस्तक पाहिजे, तुम्ही नको. नऊ वर्षं त्यानं हा नियम धर्मासारखा पाळला होता. घड्याळ काढून ठेवायचं, कडक इस्त्रीचा सदरा घालायचा नाही कारण तो कुरकुरतो, तोंडातला चिकटपणा जावा म्हणून आंबट सफरचंदाची एक फोड खायची, पान उलटताना थांबायचं, उलटायचं, मनात तीन मोजायचं, मग पुढचा शब्द. बाकीचे वाचक हौशी होते. निवृत्त मास्तरणी, नाटकात काम न मिळालेले. तो एकटा साहित्यिक होता. म्हणजे स्वतःच्या मते. तरुणपणी त्यानं एक कादंबरी लिहिली होती, एकशे बारा पानांची, तिच्यात एक माणूस भिंतीकडे बघतो. बघतच राहतो. शेवटच्या पानावर भिंत त्याच्याकडे बघते. तीनशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या अडीचशे अजून पलंगाखाली होत्या आणि त्यांच्यामुळे पलंग हलत नव्हता, एवढं कार्य त्या कादंबरीनं केलं. बायकोनं ती एका बैठकीत वाचून काढली होती आणि म्हणाली होती, “भिंत छान आहे.” त्याला आजतागायत कळलेलं नाही की ती थट्टा होती की काय होतं.

“वाचलंत?” काचेपलीकडून बटणवाली म्हणाली. ध्वनिमुद्रणाची सगळी यंत्रं तिच्या हाताखाली, म्हणून बटणवाली. तिशीची, केस वर बांधलेले, त्यात पेन्सिल खोचलेली.

“हे काय आहे? हसतो आहे म्हणजे काय? हसल्याचा आवाज आहे का कुठे?”

“आवाज नाही हो. पण काका म्हणाले, गाल वर गेला की स्वर रुंद होतो. मी पण नंतर ऐकलं. होतोय खरा.” ती ओठ आत घेऊन यंत्राकडे बघायला लागली. “इतकं काय त्यात? सगळेच हसतात.”

“मी हसत नाही,” तो म्हणाला.

काका म्हणजे ज्यांना पाठीमागे सगळे ‘कान’ म्हणत ते. अडुसष्ट वर्षांचे, जन्मापासून दृष्टी नाही, चाळीस वर्षं टेलिफोनच्या कार्यालयात नोकरी केलेली. बाहेर जाण्याआधी प्रत्येक पुस्तक ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत आणि दोष सांगत. बटणवाली ते टंके आणि कागद दारावर लागे. नव्यानं आलेली माणसं त्यांच्यापुढे भाबडेपणानं म्हणायची, देवानं डोळे नाही दिले पण काय कान दिलेत! त्यावर ते म्हणायचे, “कान तुमच्याएवढेच आहेत. तुम्ही वापरत नाही.” या कानानं नऊ वर्षांत त्याला दोष दिले नव्हते असं नाही, पण ते किरकोळ होते, आणि गेल्या वर्षी तर त्यानं जो सातशे पानी, अत्यंत खोल, अत्यंत दुर्बोध ग्रंथ वाचला होता त्याचं पत्रक कोरं आलं होतं. साफ कोरं. संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा. त्यानं ते दारावरून काढून, घडी न घालता, पाठीला पुठ्ठा लावून घरी नेलं होतं. आता एका थोर, मेलेल्या, कुणीही न वाचलेल्या लेखकाची सात पुस्तकं ध्वनिमुद्रित व्हायची होती. व्यवस्थापकानं शब्द दिला होता: या खेपेचं पत्रक स्वच्छ आलं तर सातही तुमची, नाहीतर बातमीवाली. ती सात पुस्तकं त्याला हवी होती. श्वासासारखी हवी होती. सात पुस्तकं म्हणजे तीन वर्षं. तीन वर्षं त्याचा आवाज त्या थोर माणसाच्या वाक्यांत राहणार होता, आणि पुढंमागं कुणी ती ऐकली तर त्याला लेखक आणि वाचक यांत फरक करता येणार नव्हता. ही त्याची खरी इच्छा होती. ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती, सांगण्याजोगी नव्हतीच.

आणि मध्येच ही पंखवाली भानगड आली. ऐकणाऱ्यांनी मागणी केली होती म्हणे, दोनशे चिठ्ठ्या आल्या होत्या. तो म्हणाला होता, बातमीवालीला द्या, तिला शोभेल. पण बातमीवालीचा घसा बसला होता. त्यानं पुस्तक दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसं धरून पिशवीत टाकलं. काय होतं त्यात? एक अनाथ पोरगी. अर्थातच. औषधी मुळ्या विकते, दिसायला साधारण असं लेखिका दहादा सांगते आणि दहाही वेळा तिचे डोळे जांभळे असतात. एक राजा, पाचशे वर्षांचा पण दिसायला अठ्ठावीसचा, पाठीवर काळे पंख, काळजावर बर्फ. शाप. कपटी सावत्र आई. करार असा की एक वर्ष त्याची खोटी राणी होऊन राहा, मग तुझं गाव सोडतो. बर्फाच्या वादळात एकच धर्मशाळा, धर्मशाळेत एकच खोली, खोलीत एकच खाट. त्या राज्यात सुतारांचा दुष्काळ होता की काय कोण जाणे, दुसरी खाट म्हणून कुठे नाही. राजाच्या डोळ्यांत वादळ यायचं. त्यानं मोजलं होतं, त्रेचाळीस वेळा. बाहेर वादळ दोनदाच. “कोण आहेस तू?” ती विचारते. “तुझा सर्वनाश,” तो म्हणतो, आणि तिच्यासाठी चादर नीट करतो. आणि त्याचं प्रेम वाढेल तसतसं त्याच्या पंखाचं एकेक पीस गळतं. कोंबडीसारखं. हे वाक्य त्यानं पहिल्या दिवशी बटणवालीला ऐकवलं होतं, कोंबडीसारखं, आणि दोघं हसले होते. ते हसणं वेगळं होतं. त्या हसण्यात तो वर होता आणि पुस्तक खाली.

कधी उलटंपालटं झालं ते त्याला सांगता आलं नसतं. नियम असा की उद्याची पानं आदल्या दिवशी एकदा डोळ्यांखालून घालायची, म्हणजे वाचताना अडखळायला होत नाही. त्यानं एकदा घातली. मग त्याच्यापुढची घातली. मग संडासात कडी लावून, नळ सोडून, पुढची तीस. एकदा बसथांब्यावर उभा राहून वाचत असताना त्याची बस आली, थांबली, गेली. पोरगी तेव्हा विषाचा पेला उचलत होती. तो स्वतःला शिव्या घालत होता. भडक, भुक्कड, टिनपाट, पोरीबाळींची करमणूक. शिव्या घालत पान उलटत होता. साखरेच्या डब्यातून उभ्या उभ्या चमचा भरून खावा, ओठ पुसावेत, डबा जागेवर ठेवावा आणि परत यावं, तसं. वाक्य किती वाईट आहे हे त्याला प्रत्येक वेळी कळत होतं, आणि तरी पोटात कुठंतरी, बेंबीच्या मागं, एक ऊबदार मांजर अंग ताणत होतं. थोर ग्रंथ वाचताना त्याच्या पोटात असं कधी काही झालं नव्हतं. थोर ग्रंथ वाचताना त्याच्या मानेला रग लागायची आणि त्या रगेलाच तो आनंद समजत आला होता. आता आतलं ते मांजर कानानं ऐकलं होतं आणि मिनिटासकट दारावर लावलं होतं, म्हणजे बातमीवाली येणार, चष्मा लावणार, आणि नाकातून हलकी हवा सोडणार.

व्यवस्थापक मध्यममार्गी माणूस. म्हणाला, गुरुवारी अकराला ती सहा ठिकाणं पुन्हा वाचा, काका पास करतील, कागद काढू, हाय काय नि नाय काय. तेव्हा दोन दिवस त्याच्या हातात होते आणि पान तीनशे बारा. बाकीची पाच तो ओकून टाकल्यासारखी वाचू शकला असता. तीनशे बारावर काही होतही नाही. पाचशे वर्षं कुणासमोर न झोपलेला राजा गाडीतून जाताना तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपतो. तिचा हात बधिर होतो. डोंगर उतरेपर्यंत ती हात हलवत नाही. एवढंच. लेखिकेनंही इथं वादळ वगैरे काही आणलेलं नाही, बहुधा विसरली असेल. बुधवारी दिवसभर तो ते पान सपाट आवाजात म्हणत हिंडला, जिन्यात, भाजीच्या रांगेत, दाढी करताना. आणि प्रत्येक वेळी ‘बधिर’ या शब्दाशी आला की त्याच्या तोंडाला लांबचा एक धुळकट बसप्रवास लागायचा. लग्नाला चार महिने झाले होते. बायकोच्या मावशीकडून परत येत होते. खिडकीची काच खडखडत होती, समोरच्या आसनाच्या पाठीवर कुणीतरी चाकूनं आपलं नाव कोरलेलं होतं आणि अर्ध्यात सोडलं होतं, आणि तो झोपला होता. तिच्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून, अडीच तास. उतरताना तिच्या हातातून पिशवी गळून पडली, डबा घरंगळत बसच्या चाकाशी गेला, आणि ती हसत सुटली. हात गेला माझा, ती म्हणाली, तुझं डोकं कसलं जड रे, काय भरलंयस त्यात? तो ओशाळला होता. उठवायचं नाही का? ती दुसऱ्या हातानं बधिर हाताला चोळत होती आणि त्याच्याकडे बघत होती. ही गोष्ट तो विसरला नव्हता. नुसती कुठे ठेवलीय ते त्याला आठवत नव्हतं, आणि असल्या भिकार पुस्तकानं ती उकरून काढावी याचा त्याला संताप येत होता. थोर लेखकांनी सातशे पानांत एकदाही तिथं हात घातला नव्हता.

आणि एक दार उघडलं की शेजारचंही उघडतं. बायको दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची, अजून करते. लोकांच्या कवळ्या बनवते. तिच्या नखांत तेव्हाही प्लास्टरची पांढरी रेघ असायची. दिवसभर मेणात दात बसवून घरी आली की ती पाय वर घेऊन पुस्तक वाचायची, असलंच. तेव्हा पंखांऐवजी आरसा होता, आरशात अडकलेला राजपुत्र, आणि रोज तो आरसा पुसणारी मोलकरीण. खुणेला ती प्रयोगशाळेतल्या गुलाबी मेणाची पट्टी घालायची. बावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्याचे मित्र जेवायला आले होते. दोन कवी, एक दाढीवाला समीक्षक, त्याची हसरी बायको. भिंतीची कादंबरी नुकतीच आली होती आणि तिच्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. ताटं यायची होती. बोलणं लंगडत होतं. तेव्हा त्याला खिडकीत ते पुस्तक दिसलं. त्यानं ते उचललं, उभा राहिला, एक हात छातीवर ठेवला आणि वाचायला लागला. आवाज कसा काढला होता? नाकात थोडा, गळ्यात थोडा, शेवटी ओढून वर नेलेला; स्वर लाडिक, आणि लाडाच्या आतून टाचणी. ‘हे आरशा, तुझ्यातला तो माझ्याकडेच बघतोय ना?’ समीक्षकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. एक कवी खुर्चीवरून घसरला. त्या संध्याकाळी त्याला कळलं की आपला आवाज चांगला आहे. बायको भांडं घेऊन दारात उभी होती. तीही हसली. तेच तर, रडली असती, भांडं आपटलं असतं, तर त्याला पुढं कधी क्षमा तरी मागता आली असती. ती हसली, वाढलं, आणखी हवंय का विचारलं. निघताना त्यानं पुस्तक समीक्षकाच्या हातात कोंबलं: “घेऊन जा, तुझं कपाट डगमगतं म्हणत होतास ना? पायाखाली लाव.” पट्टी टेबलाखाली पडली होती. कुणाच्या तरी बुटाखाली ती चपटी झाली होती आणि तिच्यावर टाचेची नक्षी उठली होती. त्यानंतर बायकोला त्यानं पुस्तक वाचताना पाहिलं नव्हतं. तो म्हणायचा, तिची वाचनाची आवड गेली. लोकांना सांगायचासुद्धा, खंत वाटते अशा चेहऱ्यानं.

गुरुवारी अकराला तो आत बसला. घड्याळ काढलं, फोड खाल्ली. काचेपलीकडे बटणवाली आणि तिच्या शेजारी, आज स्वतः, कान. मांडीवर काठी आडवी, डोक्याला ऐकण्याचं यंत्र. पाच ठिकाणं सरळ गेली. तीनशे बारा आलं. हिरवा दिवा लागला आणि तो वाचायला लागला.

“आला गाल,” कान म्हणाले.

दुसऱ्यांदा वाचताना त्यानं मेलेल्या माणसांचा विचार केला. वडील, थोरला भाऊ, शाळेतला एक मास्तर.

“आता गाल नाही. आता रडताय. मधलं काही नाही का तुमच्याकडे?”

तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले. सात पुस्तकं डोळ्यांपुढे आली, बातमीवालीच्या काखेत. आतून कुठूनतरी चीड उसळली आणि तिच्याबरोबर एक आवाज आला, तयार, घासलेला, धार न गेलेला. तो आवाज ते पान वाचत गेला. बोलण्यात हसू नव्हतं, आवंढा नव्हता. स्वर गोड होता आणि गोडाच्या आतून टाचणी. राजा झोपला. पोरीचा हात बधिर झाला. डोंगर उतरला. एकही चूक नाही. दिवा विझला. काचेपलीकडे बटणवालीनं पेन्सिल केसांतून काढली आणि परत खोचली.

“हा कोण आला?” कान म्हणाले.

“कोण काका?”

“आत. चार नंबरच्या खुर्चीत कोण बसलंय?”

“तेच आहेत हो.”

त्यानं आतूनच विचारलं, “दोष काय आहे त्यात?”

“दोष नाही.” कानांनी यंत्र डोक्यावरून काढलं आणि हातात धरलं, जरा लांब. “श्वास नाही, हसू नाही, काही नाही. माझ्या पत्रकात सात रकाने आहेत, तुच्छतेला एक नाही. आजवर लागला नाही. लोक कंटाळून वाचतात, झोपेत वाचतात, पण ऐकणाऱ्याच्या तोंडावर थुंकत कुणी वाचत नाही.”

“पुस्तकच त्या लायकीचं आहे, काका.”

“पुस्तक कचरा आहे. मला नका शिकवू. ती पोरगी राणीची लेक निघणार हे मला पाचव्या पानावर कळलंय, आणि त्या कपटी बाईला जिन्यावरून पडून मरायचंय हेही.” ते थांबले. “पुढचा भाग आहे म्हणे?”

“आहे.”

“मागवलाय का?”

बटणवाली फिस्सकन हसली. त्याला हसू आलं नाही. तो म्हणाला, “मागच्या वर्षीचा तो मोठा ग्रंथ. त्याचं पत्रक तुम्हीच कोरं दिलंत.”

“दिलं. दोनदा झोप लागली मला. झोपलेल्या माणसाला दोष सापडत नाहीत.” हे त्यांनी निर्दयपणे म्हटलं नाही, वेळ विचारावी तसं म्हटलं. मग काठी उभी केली. “सांगा काय ते. आधीचं ठेवलं तर कागद दारावर राहील आणि ती सात पुस्तकं बाईंकडे जातील. आत्ताचं ठेवलं तर कागद काढतो. खरंखुरं कोरं पत्रक. झोपलो नव्हतो या वेळी.”

काचेत त्याला स्वतःचा चेहरा अर्धवट दिसत होता, बटणवालीच्या खांद्यावर चिकटल्यासारखा. तो चेहरा त्याला ओळखीचा वाटला. छातीवर हात ठेवलेला, टाळ्यांची वाट बघणारा. दोनशे चिठ्ठ्या आल्या होत्या, दोनशे माणसं कुठं कुठं पाय वर घेऊन बसणार आणि यंत्र सुरू करणार, आणि त्यांना हा भेटणार. एकेकाच्या हातातून पुस्तक काढून घेणार.

“आधीचं राहू द्या,” तो म्हणाला. चिडूनच म्हणाला, देणेकऱ्यानं पैसे टाकावेत तसं. बाहेर येताना दाराकडे त्यानं बघितलं नाही. बातमीवाली तिथं उभी होती, चष्मा लावत होती.

गुरुवारी दुपारी प्रयोगशाळा बंद असते. बायको टेबलाशी मटार सोलत बसली होती. तो समोर बसला. पिशवी मांडीवर. दाणे आवाज करत एकेक करून वाटीत पडत होते.

“त्या पुस्तकाचं शेवटी काय झालं?” तो म्हणाला.

“कुठल्या?”

“आरशातल्या राजपुत्राच्या.”

हात थांबला नाही. फक्त शेंग जरा जास्त उघडली गेली आणि दोन दाणे फरशीवर गेले. ते तिनं वाकून उचलले. “बावीस वर्षांनी बरं आठवलं.”

“सांग ना.”

“मला काय माहीत? चाळीस पानं राहिली होती. दिलंस ना तू ते तुझ्या त्या दाढीवाल्याला.”

“दुसरं मिळालं असतं.”

“मिळालं असतं की. दोनदा दुकानात हातात घेतलं. उघडलं की तुझा आवाज यायचा.” हे तिनं शेंगेकडे बघत सांगितलं. “मग कुठलंही उघडलं तरी यायला लागला. सोडून दिलं. डोक्याला ताप.”

नऊ वर्षं तोंडात दुसऱ्यांची वाक्यं वागवलेल्या माणसाकडे स्वतःचं एकही तयार नव्हतं. “मग शेवट कळलाच नाही तुला.”

“मी ठरवला ना. तो आत राहतो. ती आरसा पुसते, फडकं वाळत घालते आणि कामाला जाते.”

भिंतीच्या कादंबरीला असा शेवट सुचला नव्हता. हे त्याच्या मनात आलं आणि लगेच, बावीस वर्षांची सवय, असंही आलं की हे वाक्य कुठंतरी लिहून ठेवावं. त्याला स्वतःची शिसारी आली. त्यानं पिशवीतून ते पुस्तक काढलं. जांभळे डोळे, काळे पंख, सोनेरी अक्षरं, कोपरे बोटांनी मऊ झालेले. तिनं मुखपृष्ठ पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर काही आलं. ते हसू नव्हतं, पण दात दिसले.

“हे तू वाचतोयस?”

“संस्थेचं आहे,” तो म्हणाला. मग म्हणाला, “हो. वाचतोय. दुसऱ्यांदा.” कागदाबद्दल त्यानं सांगितलं नाही, सात पुस्तकांबद्दल नाही. “यात एक पान आहे. मी वाचून दाखवतो. नीट वाचीन.”

“नको.”

“खरंच नीट गं. तसं नाही.”

“मनात वाच,” ती म्हणाली.

त्यानं पुस्तक उघडलं, तीनशे बारा. मनात वाचायचं म्हणजे काय करायचं हे त्याला क्षणभर सुचेना. ओठ हलायला लागले ते त्यानं दातांत धरले. गाडी डोंगर उतरत होती. राजाचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. समोर दाणे वाटीत पडत होते, टप, टप, आणि उजवा हात ती अधूनमधून झटकत होती, कामानं येणारी रग झटकावी तसा. तो ‘बधिर’पाशी आला आणि पुढं जाईना. पुन्हा वरून वाचलं. पुन्हा तिथंच.

“पान उलट,” ती मान वर न करता म्हणाली. “एका पानाला एवढा वेळ? काय एवढं मेलं लिहिलंय त्यात?”

त्यानं उलटलं. सवयीनं मनात तीन मोजले.

“झालं की इथंच ठेव टेबलावर,” ती म्हणाली, सालं गोळा करत. “आणि मी वाचायला घेईन तेव्हा घरात थांबू नकोस.”